काळ्या दरीचा भाग

पडद्यावरचे बुडबुडे खालपासून वरपर्यंत एकाच मापाचे होते. पाणबुडीच्या शेपटीशी ते वाटाण्याएवढे निघत आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी पोचले तरी वाटाण्याएवढेच राहत. खरा बुडबुडा असा वागत नाही. तो वर येईल तसा त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो फुगत जातो; फारच खोलातून निघाला असेल तर वाटेतच फुटून त्याचे तुकडे होतात. इथे मात्र चित्रकाराने तीन बुडबुडे एकदाच काढले होते आणि तेच तीन, त्याच क्रमाने, प्रत्येक प्रसंगात पुन्हा सोडले होते. डावीकडचा किंचित चेपलेला होता, म्हणून ओळखू येत होता.

"तोच चेपका," ठकू म्हणाली. "आत्ताच वर गेला होता ना हा? परत खाली आला कसा?"

"झालं हिचं सुरू," दादा म्हणाला. "अगं, कार्टून आहे ते. तुझी प्रयोगशाळा नव्हे."

"आत्याला बघू दे की तिच्या पद्धतीने," पुतणी सोफ्याच्या हातावर पाय टाकून पसरली होती. "मला तर बुडबुड्यांपेक्षा कप्तानाच्या दाढीची गंमत वाटते. बोलताना फक्त दाढीच हलते. तोंड हलवायला पैसे पडत होते का त्यांना?"

"पडतच असणार," ठकू म्हणाली, आणि तिघंही हसली.

ठकू हे घरातलं नाव. बाहेर ती समुद्राच्या तळावरच्या गाळाची जाणकार म्हणून ओळखली जाई, आणि संशोधनाच्या जहाजावर सगळे तिला 'वरच्या बाई' म्हणत. जहाजावरून छोटी पाणबुडी खोल पाण्यात उतरली, की वरच्या खोलीत बसून खालच्या माणसांशी बोलायचं काम तिचं. पाण्यात रेडिओ चालत नाही. तिथे आवाजाच्या लहरींवर चालणारा फोन लागतो, आणि आपण बोललेलं खाली पोचून उत्तर येईपर्यंत चहाचा एक घोट निवांत घेऊन होतो. एवढ्या उशिराने येणाऱ्या बोलण्यात माणसं घाबरतात, एकमेकांचं तोडतात, तेच तेच विचारत बसतात. ठकू तसं करत नसे. तिचा आवाज कानावर आला की खाली बसलेल्या माणसाला हायसं वाटे, असं सगळेच सांगत.

त्या रविवारी दुपारी दादाच्या बैठकीच्या खोलीत पडदे ओढून घेतले होते. पुतणीला इंटरनेटवर 'रुपेरी मासा'चे सगळे भाग सापडले होते. आधी ती साप्ताहिक चित्रकथा होती, बारा पानी, रद्दी कागदावर छापलेली. मग तिच्यावरून ही मालिका निघाली. दादा आणि ठकू लहान असताना आठवड्यातून एकदा ती टीव्हीवर लागायची आणि त्या अर्ध्या तासात त्यांच्या इमारतीतलं एकही पोर जिन्यावर दिसत नसे. कप्तान, त्याचा तेलकट मेकॅनिक आणि वर बोटीवर रेडिओपाशी बसलेली लाल स्कार्फची मुलगी, एवढीच पात्रं. दोघं पाणबुडीतून खाली जायचे, संकटात सापडायचे, आणि मुलगी कानाला यंत्र लावून ओरडायची, "कप्तान! कप्तान! ऐकू येतंय का?"

भाग संपला की लगेच तोच खेळ जिन्यात व्हायचा. तळमजल्यावरची कोळशाची अंधारी खोली म्हणजे समुद्राचा तळ. दादा कप्तान. दुसऱ्या मजल्यावरचा जाड्या मेकॅनिक. आणि ठकू, धाकटी आणि मुलगी म्हणून, सर्वांत वरच्या पायरीवर, कानाला वाटी लावून.

"दर वेळी मलाच वर बसवायचात," ती आत्ता म्हणाली.

"वर बसायलाही कुणीतरी लागतंच," दादा म्हणाला. "आणि तू इतकी छान ओरडायचीस. खालून ऐकताना अंगावर काटा यायचा. जाड्या तर एकदा रडला होता."

टेबलावर ठकूचा फोन थरथरला. फोनच्या पडद्यावर 'मोहीमप्रमुख' अशी अक्षरं उमटली. ठकूने तो उचलून पालथा ठेवला.

"घ्यायचा नाही?" वहिनीने चहाचा ट्रे ठेवत विचारलं.

"त्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. अजून संध्याकाळ झालेली नाही."

कशाचं उत्तर, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाणबुडीत तीन माणसं मावतात: चालक, त्याचा मदतनीस आणि एक शास्त्रज्ञ. येत्या मोसमात ती सर्वांत खोल घळीत उतरणार होती, आणि तिसऱ्या जागेवर ठकूने बसावं असं प्रमुखांचं म्हणणं होतं. ज्या गाळावर तिने आयुष्यभर काम केलं तो तिने फक्त नळीत भरून वर आलेला पाहिला होता. जागेवर कधी पाहिला नव्हता. असं बोलावणं पूर्वीही आलं होतं. एकदा आई आजारी होती. एकदा ठकूने आपली जागा विद्यार्थ्याला दिली, त्याचा प्रबंध अडला होता म्हणून. एकदा गुडघा दुखत होता. खरंच दुखत होता, पण पाणबुडीत चालायला कुठे लागतं? आता ती पाणबुडी म्हातारी झाली होती. या मोसमानंतर तिला कायमची गोदीत लावणार होते.

"मी सांगू?" दादा म्हणाला. तो विमा कंपनीत जोखीम ठरवण्याचं काम करी आणि घरीही तेच करी. "तू सुखाने वर बस. या वयात त्या लोखंडी गोळ्यात गुडघे पोटाशी घेऊन दिवसभर? तुझा विमा मीसुद्धा उतरवणार नाही."

"तू तर माझ्या सायकलचाही उतरवला नव्हतास."

"कारण तू ती चालवायचीस."

वहिनी हसली. "वन्सं, यांचं मनावर घेऊ नका. हे लिफ्टमध्येसुद्धा आधी पाटी वाचतात."

ठकूनेही हसून घेतलं. आई, विद्यार्थी, गुडघा ही कारणं ती लोकांना सांगत असे. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तिचं तिलाच हसू आलं असतं. काही वर्षांपूर्वी एका मोहिमेत पाणबुडी तळाशी असताना फोन मेला. ठकू वरच्या खोलीत बसून एकसारखी बोलत राहिली. सावकाश, नेहमीच्या सुरात, जणू पलीकडे ऐकणारं माणूस आहे. तिच्या मागे उभी असलेली माणसं पांढरीफटक पडली होती. बऱ्याच वेळाने पाणबुडी आपली आपण वर आली. त्या दिवशी सगळ्यांनी तिचे हात धरले, प्रमुखांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि 'वरच्या बाई' हे नाव पक्कं झालं. तेव्हापासून तिच्या मनात एक खूळ रुतून बसलं होतं: आपण वर असलो तरच खालचे परत येतात. एखाद्या विद्यार्थ्याने असं काही प्रबंधात लिहिलं असतं, तर तिने लाल रेघ मारून पुरावा मागितला असता.

"आत्या, पुढचा भाग 'काळी दरी'," पुतणी रिमोट उचलून म्हणाली. "तो तुझावाला ना?"

"तोच."

ठकू सरळ बसली. हा भाग तिला पाठ होता. काळ्या दरीत पाणबुडी अडकते, मेकॅनिक बेशुद्ध पडतो, कप्तानाचा आवाज येईनासा होतो. मग रेडिओवरची मुलगी कानावरचं यंत्र काढून ठेवते, लाल स्कार्फ डोक्याला घट्ट बांधते, पाणबुड्याचा जाड पोशाख चढवते आणि स्वतः खाली उतरते. दिव्याचा एक पिवळा झोत, त्यात तरंगणारी माती, आणि त्या झोतामागून येणारी ती. कप्तान काचेतून तिला बघतो आणि त्याला खरंच वाटत नाही. हा प्रसंग ठकूने शाळांमधल्या भाषणांत सांगितला होता. "तुम्ही समुद्राकडे कशा वळलात?" असं कुणी विचारलं की ती हाच सांगे. एका मासिकात तो तिच्या फोटोशेजारी छापूनही आला होता.

"आता नीट बघ," ती पुतणीला म्हणाली. "बाकी सगळं हसण्यावारी ने, पण हे बघ."

पाणबुडी दरीत अडकली. मेकॅनिकचं डोकं आपटलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल स्कार्फवाली मुलगी ओरडू लागली, "कप्तान! कप्तान! ऐकू येतंय का?" दाढी हलली. कप्तानाने एक लोखंडी दांडा ओढला, पाणबुडीचा पुढचा भाग मोकळा झाला, आणि ती तीन बुडबुडे सोडत वर आली. मुलीने टाळ्या वाजवल्या. शेवटचं संगीत सुरू झालं.



"संपलं?" पुतणीने विचारलं. "ती गेलीच नाही की खाली."

"कापलंय," ठकू म्हणाली. "मधला तुकडा कापलाय कुणीतरी. मागे घे."

पुतणीने मागे घेतलं. पुन्हा दांडा, पुन्हा टाळ्या. ठकू सोफ्यावरून उठून टीव्हीपुढे खाली बसली. तिने आधीचा भाग किती लांबीचा आहे ते बघितलं, नंतरचा बघितलं. तिन्ही सारखेच भरत होते. कप्तानाचा हात दांड्यावर जातो तिथे चित्र कुठे उडी घेतं का, ते तिने थांबवून थांबवून तपासलं. संगीत कुठे तुटत होतं का, ते डोळे मिटून ऐकलं. कुठेही सांधा नव्हता.

"दुसऱ्या एखाद्या भागात असेल," वहिनी म्हणाली.

"नाही. काळी दरी. मला पक्कं आठवतंय. पिवळा झोत होता."

"ठके," दादा म्हणाला.

तो चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. त्याचा चेहरा लहानपणी काच फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"हा भाग लागला तेव्हा तुला गोवर होता."

"मग?"

"मग आईने तुला आतल्या खोलीत झोपवलं होतं. खिडकीला चादर लावून. डोळ्यांना उजेड सोसत नव्हता तुझ्या. तू हा भाग पाहिलाच नाहीस."

ठकूने त्याच्याकडे बघितलं. तिला चादर आठवली. चादरीवरची निळी चौकट आठवली. ती चादर आणि पिवळा झोत एकाच दिवसाचे असतील, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"तू येऊन सांगितलंस," ती हळूच म्हणाली.

"मी येऊन सांगितलं."

"पण तू पाहिला होतास ना?"

दादाने कप खाली ठेवला. "निम्मा. पाणबुडी अडकली आणि चित्र गेलं. नुसत्या मुंग्या. बाबांनी मला गच्चीवर पिटाळलं अँटेना फिरवायला. मी वर फिरवतोय, जाड्या खिडकीतून ओरडतोय, 'डावीकडे! अजून डावीकडे! अरे गाढवा, तुझ्या डावीकडे!' चित्र आलं, पण मी खाली पोचलो तेव्हा जाहिरात चालू होती."

पुतणीला हसू फुटलं. तिने उशीत तोंड खुपसलं.

"आणि जाड्याने तुला सांगितलं नाही काय झालं ते?"

"तो म्हणाला, कप्तानाने दांडा ओढला. एवढंच? मी म्हटलं, हे काय सांगायचं तिला? तू आत रडत होतीस. अंगभर पुरळ, घसा बसलेला. तुला दांडा काय सांगू? मग जे तोंडाला आलं ते सांगितलं. मुलगी उठली, पोशाख घातला, खाली गेली. तू रडायची थांबलीस. मग मला चेव आला. दिवा वगैरे मीच घातला त्यात. आपल्याकडचा सेल घालायचा टॉर्च होता ना, पिवळट उजेडाचा? तो."

"आणि तिने स्कार्फ डोक्याला बांधला, ते?"

"तुझ्या कपाळावर ओली पट्टी होती."

आता वहिनीही हसत होती, आणि पुतणी तर उशीतून बाहेर यायलाच तयार नव्हती. ठकूही हसली. पण आतून तिला गार वाटत होतं. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली म्हणून तिने वर्षानुवर्षं मिरवली होती. छापून आणली होती. ज्या पोरांना ती सांगायची, 'जे पाहिलं तेच लिहा', त्यांनाच तिने ही गोष्ट सांगितली होती.

"सॉरी गं," दादा म्हणाला. "मला काय माहीत तू एवढं धरून बसशील. मी तर विसरूनही गेलो होतो. तू भाषणात सांगायला लागलीस तेव्हा वाटलं, असेल बुवा. तुला बरं आठवतं. कदाचित खरंच तसं दाखवलंही असेल."

"म्हणजे तुझीच थाप तुला खरी वाटली."

"तू सांगितलीस म्हणून! तू शास्त्रज्ञ ना."

ठकूने रिमोट घेतला आणि तो भाग आणखी एकदा लावला. कुणी अडवलं नाही. या वेळी तिने फक्त रेडिओवरच्या मुलीकडे बघितलं. मुलगी ओरडत होती. तिच्यामागून जाणारी तार कुठे जाते ते चित्रकाराने काढलं होतं. तार बोटीच्या कडेवरून पाण्यात जात होती आणि पाण्यात थोड्याच अंतरावर तुटलेली होती. दोन टोकं, मध्ये रिकामं पाणी. हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. मुलीचा एक शब्दही खाली पोचत नव्हता. कप्तानाने तो दांडा कुणाचं ऐकून ओढला नव्हता. तो तसाही वर येणारच होता.

ठकूने चित्र थांबवलं.

पाणबुडीचा चालक, ज्याला जहाजावर सगळे 'मिशा' म्हणत, त्याने तिला त्या दिवशी, फोन मेल्याच्या दिवशी, जेवताना सांगितलं होतं, "बाई, खरं सांगू का? तुमचा आवाज खाली येतच नव्हता. नियम आहे ना, ठरलेला वेळ बोलणं झालं नाही तर वजनं सोडायची आणि वर यायचं. मी घड्याळ बघत होतो. वेळ भरली, वजनं सोडली." तो सहज बोलला होता आणि तिने सहज मान हलवली होती. नियम तिला माहीत होता; लिहिणाऱ्यांत तीही होती. तरी ते वाक्य तिने जेवणाच्या टेबलावरच सोडलं आणि लोकांनी धरलेले हात तेवढे बरोबर आणले.

"आत्या," पुतणी आता गंभीर झाली होती, "म्हणजे ती मुलगी कुठल्याच भागात खाली जात नाही?"

"कुठल्याच नाही. शेवटपर्यंत."

"चित्रकथेत?"

"चित्रकथा आम्ही फाटेपर्यंत वाचल्या होत्या. त्यातही नाही. तुझ्या बाबांच्या डोक्यातच गेली तेवढी."

"वाईट आहे हे."

"हो," ठकू म्हणाली. "वाईटच आहे."

दादा उठून तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला. त्याचे गुडघे कटकट वाजले. "हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं. तुझ्या डोक्यात ते कार्टून होतं म्हणून तू कुढत होतीस इतकी वर्षं. जावं की न जावं. आता कळलं ना, तसं काही नव्हतंच. कुणी गेलं नव्हतं. मग सोड की विषय."

"कुणी गेलं नव्हतं," ठकूने म्हटलं.

"तेच तर म्हणतोय मी."

"दादा, तू मला तेव्हा दांडा का नाही सांगितलास?"

"सांगितलं की. तू रडत होतीस."

"रडतं पोर गप्प करायला आणखी शंभर गोष्टी होत्या. तू राक्षसी खेकडा आणू शकला असतास. तुला खेकडे आवडायचे. तू त्या मुलीलाच का उठवलंस?"

 टीव्हीवर टाळी वाजवायला उचललेले दोन हात थांबलेले होते.

"कारण तू तेच बडबडत होतीस तापात," दादा म्हणाला. "मला पण खाली यायचंय. मला पण. आई घाबरली होती, कुठे खाली जातेय ही म्हणून. मला कळलं होतं कुठे ते." त्याने नाक ओढलं. "आणि बरी झाल्यावर पुन्हा तुला वरच बसवलं. जाड्या म्हणाला, कार्टूनमध्ये तसंच आहे."

"जाड्याने खरं पाहिलं होतं."

"हो ना. पाजी लेकाचा."

वहिनीने कप गोळा केले. जाताजाता ती ठकूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, मला पाणबुडीतलं काही कळत नाही. पण तुम्ही 'जावं की न जावं' असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. दर वेळी तुम्ही कोण आजारी आहे तेवढंच सांगता."

ठकू उठली. तिने खिडकीचा एक पडदा सारला. बाहेर समोरच्या इमारतीच्या भिंतीवर अजून ऊन होतं. कुणीतरी गच्चीवर कपडे झटकत होतं. भीती गेली नव्हती. ती होती तिथेच होती, आणि ती खाली जाण्याची होती, साधी, सगळ्यांना असते तशी, लोखंडी गोळ्याची आणि अंधाराची. त्या भीतीसाठी नियम होते, तपासण्या होत्या, मिशा होता. दुसरी, आपण खुर्चीवरून उठलो तर कुणीतरी बुडेल ही भीती, तिने पुन्हा एकदा चाचपून पाहिली. तिला पुराव्याचं एकही टोक सापडलं नाही.

तिने फोन सुलटा केला आणि स्वतःहून प्रमुखांचा नंबर लावला.

"ठके," दादा म्हणाला. "जरा थांब की. रात्रभर विचार कर."

"केलाय."

"कधी?"

"तू गच्चीवर होतास तेव्हापासून."

पलीकडे फोन उचलला गेला. मोहीमप्रमुखांचा आवाज मोठा होता. खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. "हं, बोला बाई! मी मघाशी केला होता. हे बघा, मी तुम्हाला भरीला घालणार नाही. तुमचं उत्तर मला माहीतच आहे, म्हणून दुसऱ्या एकाला विचारून ठेवलंय. तुम्ही वर असलात की आम्हाला काळजी नसते, खरं सांगतो. तर तुमची नेहमीची खुर्ची..."

"सर," ठकू म्हणाली. तिचा आवाज तोच होता, सावकाश आणि स्पष्ट. "ज्यांना विचारलंय त्यांना वर बसवा. बोलायचं कसं ते मी त्यांना शिकवीन."

"म्हणजे?"

दादाने डोळे मिटून घेतले. पुतणी सोफ्यावर उठून बसली.

"खाली मी जाणार आहे."